सरदार, डॉक्टर आणि गुडघ्यापर्यंत केसांची नायिका

माझ्या हातून एक भयंकर कादंबरी लिहून होणार, याबद्दल बाविसाव्या वर्षी मला तिळमात्र शंका नव्हती!

तेव्हा मी एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायचे. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. मग एका जाड वहीत मी पडका किल्ला उभा केला आणि त्यात रक्त पिणारा सरदार ठेवला. पात्रं शोधायला लांब जावं लागलं नाही. सरदार म्हणजे आमचे साहेब! पांढराफटक चेहरा, काळा कोट, मांजरासारखी पावलं आणि उन्हाचं वावडं. पुस्तकांचे रंग उडतात म्हणून दिवसभर पडदे ओढून बसायचे. पिशाचाच्या छातीत खुंटी ठोकणारा शूर डॉक्टर म्हणजे बाइंडरकाका, कारण हातोडी त्यांच्याकडेच होती. किल्ल्यातली कजाग म्हातारी म्हणजे पुस्तकांची यादी ठेवणाऱ्या मावशी. आणि गुडघ्यापर्यंत केसांची, चांदीच्या आवाजाची नायिका? आता स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं!

एका सोमवारी ती वही चुकून फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात गेली. काकांनी तिला काळं कापड चढवलं, पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. मला पत्ता लागला गुरुवारी. तोवर तिघांचीही वाचून झाली होती!

मी थेट साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाबा अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या नोकरीवर.

"आत या," साहेब म्हणाले.

"साहेब, चूक झाली..."

"चूक? अहो, काय तो डॉक्टर!" साहेब खुर्चीतून उठलेच. "तो निर्धार, ती शिस्त! दहाव्या पानावर ओळखलं मी स्वतःला. फक्त मी इतका उंच नाही."

मी आ वासला. "आणि... सरदार?"

"बाइंडर! दुसरा कोण? दिवसाउजेडी कधी जागा असतो का तो?"

मी धावत काकांच्या खोलीत गेले, माफी मागायला. काका खळीच्या डब्यात ब्रश बुडवून नुसतेच बसले होते.

"पोरी, तीस वर्षं खळ फासतोय," ते म्हणाले. "सरदार कुणी केलं नव्हतं गं!"

त्यांनी मनगटाने डोळे पुसले, तर खळ भुवईला लागली.

बाहेर मावशी गाठ पडल्या. विरळ अंबाड्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "माझे केस अस्सेच होते गं. तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंच की, मावशी," मी म्हणाले.

मधल्या सुट्टीत तिघं माझ्या खिडकीशी जमली. एरवी एकमेकांशी कामापुरतं बोलणारी माणसं, पण त्या दिवशी शाळकरी पोरांसारखी खिदळत होती. काकांनी खळीचे डाग पडलेला एप्रन खांद्यावरून झग्यासारखा सोडला होता आणि साहेब चक्क त्यांच्यावर फूटपट्टी रोखत होते!

"ती म्हातारी मात्र उगाच घातलीस," मावशी म्हणाल्या. "इतकी कजाग बाई आपल्याकडे आहे कुठे?"

"नाहीच," मी म्हणाले. मग राहवेना. "आणि... मी कोण असेन?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ती दासी!" साहेब म्हणाले. "चाव्या हरवते, दाराला कान लावते."

"दुसऱ्याच प्रकरणात जाते बिचारी," काका हळहळले.

नोकरी वाचली होती. मी मान डोलावली.

आता ते ग्रंथालय नाही, तिघांतलं कुणीच नाही. पुस्तक माझ्या कपाटात आहे. कधीमधी काढते, दुसरं प्रकरण वाचते आणि वाटतं, निदान सहाव्यापर्यंत तरी जगवायला हवी होती मेलीला!