आटपाडीवर रंगाचा दुसरा हात

"या वेळी आटपाडीला पोचलो नाही, तर नाव लावणार नाही नंदकुमार!" अशी घोषणा नंदकुमारने पंजाबच्या राजधानीत, सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत केली. ऐकायला फक्त स्टोव्ह होता. बायको रागिणी बाळंतपणाला माहेरी आटपाडीला गेली, ती तिकडेच अडकली. पंजाबातल्या रोजच्या बातम्या वाचून सासऱ्यांनी कळवलं होतं, "तिकडचं शांत होईस्तोवर पाठवत नाही." नंदकुमारची रजा केव्हाच संपली होती. लेक पालथी पडायला लागली होती आणि बापाने तिला फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं!

पण सत्त्याऐंशी साल उजाडलं, पाऊस रुसला आणि त्याच्या विभागाकडे देशाच्या दुष्काळाचा नकाशा करायचं काम आलं. पाऊस किती, विहिरी किती, चारा किती, शेती बुडाली तर लोकांना दुसरं काम आहे का, हे सगळं पाहून तालुके रंगवायचे. ज्याला झळ जास्त, तो जास्त लाल. सगळ्यात लाल तालुक्यात पाहणीला माणूस जाणार!

आटपाडी मुळातच लाल होती. नंदकुमारने तिच्यावर दुसरा हात मारला. मग, जैसलमेर पुढे जायला नको म्हणून, तिसरा. लेकीसाठी लाकडी खुळखुळाही घेतला आणि पिशवीत जागा नव्हती म्हणून नकाशाच्या पत्र्याच्या नळकांड्यातच टाकला.

नकाशा घेऊन विभागात निघाला, तर वाटेत तपासणी नाक्यावर त्याची सायकल खड्ड्यात आदळली. नळकांडं वाजलं, खडखड खडखड!

"हिलना मत!" अर्धे जवान वाळूच्या पोत्यांमागे आडवे, अर्ध्यांच्या बंदुका त्याच्या छातीवर.

"खिलौना है जी! बच्ची का!" हात वर करून नंदकुमार रडकुंडीला आला.

एका हवालदाराने जीव मुठीत धरून नळकांडं उघडलं. खुळखुळा बाहेर पडला, मागोमाग नकाशा. तो जीपच्या बॉनेटवर पसरला. हवालदाराचं बोट फिरत फिरत एका जागी थबकलं.

"ओ साहेब, आमचं जत पिवळं कसं ओ?"

तो बाळकृष्ण, शेजारच्याच तालुक्यातला! नंदकुमारकडून आटपाडीची आणि लेकीची हकिकत ऐकून तो म्हणाला, "दुष्काळ पडलाय म्हणून रजा मागतोय, तर वरचे म्हणतात पुरावा आण. एवढं लाल करा की!"

तिसरा हात मारणाऱ्याने नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याने खिशातली लाल पेन्सिल काढली. झालं! "हमारा पलामू?" "अनंतपूर, सर!" "बाड़मेर तो देखो जी!" अख्ख्या तुकडीला घरची ओढ लागलेली. तेवढ्यात त्यांचे अधिकारी जीपमधून उतरले, विभागाचा शिक्का वाचला आणि हळहळले, "इतना सूखा!"

विभागात प्रमुख रघुवीर सिंग नकाशाकडे बघतच राहिले. "ओये नंदकुमारजी! सारा मुल्क लाल? अब किसको भेजूँ, और कहाँ?" मग त्यांनी डोकं खाजवलं. "पहले वो जगह देखो, जहाँ सूखा नहीं है. फिर मिलाएँगे. ये बचा है, मुल्लानपूर. साइकिल से हो आओ."

दुसऱ्या दिवशी नंदकुमार मुल्लानपूरच्या भातखाचरात घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. पाऊस इथेही नव्हता, पण कूपनलिका धो धो वाहत होत्या. त्यातली एक उचलून आटपाडीला न्यावी, आणि तिच्यासोबत आपणही जावं, असं त्याला फार वाटलं. बांधावर बूड टेकायला गेला, घसरला आणि सपशेल चिखलात बसला.

परतताना नाक्यावर बाळकृष्ण ट्रंक बांधून तयार होता.

"साहेब, रजा मंजूर! तुमचा नकाशा लागू पडला! आटपाडीवरनंच जाणार. काही द्यायचंय का घरी?"

नंदकुमारने खुळखुळा काढला. हातातून सोडवेना. शेवटी दिला.

"पोरीला उचलून घेईन की! बाप काय करतोय म्हणून सांगू?"

नंदकुमारने कमरेपर्यंत लडबडलेल्या पँटकडे पाहिलं.

"सांगा," तो म्हणाला, "दुष्काळात अडकलाय!"