गणपतकाकांचे आजार

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला खालच्या मजल्यावरचे गणपतकाका नवा आजार घेऊन माझ्या दारात उभे राहत. स्वतःची प्रकृती ठणठणीत. आजार सगळे माझ्यासाठी.

झालं असं, की एमबीबीएस झाल्यावर मला पुढे फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीला जायचं होतं. नाशिकच्या एका हॉस्पिटलात जागा दोनच, आणि त्या मुलाखत घेऊन भरणार होते. काका इथल्याच औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते. तिथले डॉक्टर वारले आणि दवाखाना बंद पडला. माझी सर्टिफिकेटांची फाईल त्यांनी हातात तोलून पाहिली.

"वजन चांगलं हाये. पण पेशंटला काय ही वाचून दाखवणार?" म्हणाले, आणि माझी तयारी स्वतःकडे घेतली.

पहिल्या रविवारी ते सिल्लोडची म्हातारी होऊन आले. डोक्यावर टॉवेलचा पदर, कमरेत बाक.

"पोट दुखतंय बाई. म्हैस बी आटली."

"किती दिवस झाले?"

"म्हशीला?"

"पोटाला!" मी खेकसले.

म्हातारी ताडकन सरळ झाली. "गेली सीट! अवो, म्हैस आटल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरंना. अन् तुमी लगीच सोनोग्राफी लिव्हणार!"

मी लिहिलीच होती. कागद गुपचूप उलटा केला.

पुढच्या खेपेला गंगापूरकडचा मजूर आला. त्याला मी दोन वेळा जेवणानंतर गोळी दिली. "हा गडी जेवतो एकदाच. इचारलं का?" पुन्हा सीट गेली. मला रागच यायचा. सुवर्णपदक मिळवलेल्या मुलीला टॉवेल पांघरलेल्या माणसानं दर आठवड्याला नापास करावं, म्हणजे अतीच झालं! पण आईशपथ, त्या महिन्याभरात मी तोंड बंद ठेवून ऐकायला शिकले.

मुलाखतीत एक सर खोटे पेशंट झाले आणि म्हणाले, डोकं दुखतं. मी विचारलं, "घरी कसं चाललंय?" सर आपल्या आईच्या आजारपणाबद्दल जे बोलू लागले, ते शेजारच्या मॅडमनी घड्याळ दाखवल्यावरच थांबले.

जागा मिळाली. पेढे काकांनीच वाटले, "आमचा रिझल्ट लागला" असं साऱ्या बिल्डिंगला सांगत.

मी निघायच्या आदल्या दिवशी ते पुन्हा आले. टॉवेल नव्हता, बाकही नव्हता. खुर्चीत नीट बसले. मी हसत पेन उचललं. "नाव?"

"गणपत."

"त्रास काय होतोय?"

"सकाळचे नऊ वाजले की पाय औरंगपुऱ्याकडं वळतात. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. समोर उभा ऱ्हातो घटकाभर. पयले रोज शंभर माणसं इचारायची, गणपतराव, माझा नंबर कधी? आता कुणी काय इचारत नाय. अन् आता तुमी बी चालल्या. औषध हाये का काय यावर?"

मला रडू आलं. "नाही काका," मी म्हटलं, "मला नाही माहीत." नाडी बघायच्या निमित्तानं त्यांचा हात धरला. बराच वेळ धरून बसले.

"नाडी इतका येळ बघत नसतात, बाई," काका म्हणाले. पण हात काही त्यांनी काढून घेतला नाही.