परबकाकांचं सूतक

आमच्या बिल्डिंगमधले परबकाका कादंबऱ्या लिहितात आणि कादंबरीतलं माणूस गेलं की सूतक धरतात.

हे मला सेक्रेटरी झाल्यावर कळलं. जोगेश्वरीतली आमची जुनी सोसायटी; पंप बिघडणार, टाकी गळणार, पार्किंगवरून भांडणं होणार, एवढं मी धरूनच चाललो होतो. सत्यनारायणाच्या पूजेदिवशी सकाळीच काकांचा फोन आला. प्रसादाचा शिरा दर वर्षी त्यांच्याकडे असतो. म्हणाले, "शिऱ्याचं दुसऱ्या कोणाला तरी सांग रे. आमच्यात सूतक आलंय."

मी चेहरा पाडून वर धावलो. काका एकटे, लग्न केलेलं नाही, नात्यातलं कोणी कधी येताना पाहिलं नव्हतं.

"कोण गेलं, काका?"

"विमलमावशी."

"अरेरे! कधी?"

"आज पहाटे. एकोणिसाव्या प्रकरणात."

खाली येईपर्यंत सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्यासाठी पिठलं-भात टाकलाही होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना. खरं काय ते सांगितलं तर म्हणाली, "आता केलंय तर देऊन या. म्हातारा माणूस उपाशी राहील." काकांनी डोळे पुसत पुसत पातेलं रिकामं केलं.

तेव्हापासून काकांची दाढी वाढलेली दिसली की बिल्डिंग समजते, कोणीतरी आटोपलं.

मेलेले परवडले, पण कादंबरीतल्या जिवंतांचा ताप फार. काका वॉचमनला बजावून ठेवणार, "वसुधा येईल, तिला नाव-गाव विचारत बसू नको, आधीच रडत असेल." तो बिचारा दुपारभर गेटवर ताटकळतो. मी वर्गणीसाठी गेलो आणि खुर्चीकडे वळलो तर, "तिथे नको, घाडगे बसलेत. कालच्या प्रकरणापासून माझ्यावर तापलेत." एकदा वैतागून म्हटलं, "काका, त्या वसुधाला एकदाची नवऱ्याकडे पाठवा. तिचीही सुटका, आमचीही." तर ते हात वर करून मोकळे. "ती नाय म्हणता. माझ्या हातात काय आसा?" जिव्हाळ्याच्या माणसांबद्दल बोलताना काका हटकून मालवणीत जातात, आणि हे त्यांचं पालुपद.

गेल्या महिन्यात त्यांच्या प्रकाशकाने मलाच गाठलं. काका फोन उचलत नव्हते आणि शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. सकाळपासून प्लंबरच्या मागे फिरून माझे पाय भरून आलेले. तसाच तिसरा मजला चढलो.

"काय अडलंय, काका?"

"तात्या. तो आता जाऊक व्हयो."

"मग जाऊ द्या ना! एवढे घालवलेत, त्यात आणखी एक."

"त्याका कोण नाय रे. बायको नाय, भाव नाय. सूतक कोण धरतलो?"

"तुम्हीच. नेहमीसारखं."

"सगळ्यांचा धरलंय. ह्याचा माका कसा धरूक येतला?"

मला काही कळेना. विचारायचं म्हणून विचारलं, "राहतो कुठे हा तात्या?"

काका हळूच म्हणाले, "हयच. जोगेश्वरीक. तिसऱ्या माळ्यार."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. प्रकाशकाचा निरोप, प्लंबर, सगळं डोक्यातून गेलं. आमच्या घरी असल्या गोष्टींचे नियम कडक. परक्याचं सूतक धरतात का, असं आईने नक्की विचारलं असतं. विचारू दे.

"आमच्याकडे धरू, काका," मी म्हणालो. "मी आणि सुनीता."

काकांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "धा दिवस नको हां. तीन पुरे. तुका सोसायटीची कामां आसतत."