चिंचेवरची वस्ती

आमचे सोपानआप्पा बोलताना माणसाकडे बघत नाहीत, आभाळाकडे बघतात. तसंच चालतातही. दोनदा उसाच्या चारीत पडले आणि दोन्ही वेळा आतूनच ओरडले, "आधी ती घार बघा! नोंद करा!" वडगाव रासाईवरून उडणारं प्रत्येक पाखरू त्यांच्या वहीत असतं.

भीमा ओलांडून मोठी वीजलाइन यायची होती. त्यासाठी ग्रामपंचायतीत बैठक भरली. वीज कंपनीच्या साहेबांनी पाहणीचा अहवाल वाचला. "मार्गात पक्ष्यांची वस्ती आढळली नाही."

आप्पा ताडकन उठले. "पाहणी कवा केली?"

"पावसाळ्यात."

"आन् करकोचं येत्यात थंडीत! पाव्हणं गावाला गेल्यावर कडी वाजवली, आन् घर रिकामं म्हून लिहिलं व्हय?"

सगळे हसले. साहेब मात्र वही काढून म्हणाले, "आजोबा, आत्ता आहेत?"

"चला की!"

अख्खी बैठकच नदीकडं निघाली. पुढं आप्पा जवळजवळ पळतायत, मागं साहेब, सरपंच आणि आम्ही. नदीकाठची चिंच पांढऱ्या-गुलाबी करकोच्यांनी लगडलेली, पिल्लांचा नुसता कालवा! साहेबांनी खाली नकाशा पसरला. "म्हणजे टॉवर येतोय इथं..." त्यांनी बोट ठेवलं आणि वरून थाडकन एक अर्धवट गिळलेला मासा नेमका त्या बोटाशेजारी पडला.

"झाली नोंद!" आप्पा नाचायलाच लागले. साहेबसुद्धा पोट धरून हसले.

फेरपाहणी लागली. शिक्रापूरहून दोन सर्व्हेअर तीन आठवडे रोज यायचे. पाखरं कुठून येतात, किती उंचावरून उतरतात, सगळं आप्पांनी त्यांना लिहायला लावलं. अखेर लाइन खालच्या अंगाला, चिंचेपासून लांब सरकली! गावानं हलगी काढली, तर आप्पांनी हलगीवाल्यालाच पिटाळलं. "पिल्लं दचकत्यात, कळत न्हाई?"

संध्याकाळी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा एकटेच चुलीपाशी बसले होते. समोर तीन कप.

"कोण यायचंय, आप्पा?"

"कुनी न्हाई. सवयीनं टाकला च्या. ती शिक्रापूरची दोघं रोज इथंच बसायची. लई बोलायची." त्यांनी चहा ढवळला. "आता काम झालं. कशाला येतील?"

मी चपला काढून आत बसलो. त्यांनी एक कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "पिठलं टाकतो. जेवूनच जा."