पोकळ मुंबईचे परबकाका

परबकाका पावसात भिजतात. छत्री असते, पण ती इमारती ठोकायला. रस्त्यात दिसेल त्या भिंतीवर छत्रीचं टोक आपटायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ असा."

लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये ते माझ्या शेजारी राहतात. पूर्वी इथे चाळ होती, तिचे ते भाडेकरू. मी कर्ज काढून आलो, त्यांना खोलीच्या बदल्यात घर मिळालं, तरी नाक मुरडायचं काम त्यांच्याकडेच. दर रविवारी "चल, तुका मुंबई दाखवतंय" म्हणून मला ओढून नेतात. दार उघडलं नाही तर बेलवरचं बोट काढत नाहीत.

मुंबईत त्यांच्या मते तीनच प्रकारचं बांधकाम आहे. आमच्या आधीचं, आमचं आणि बिल्डरचं. गिरगावातल्या लाकडी गॅलऱ्या, परळच्या गिरणीची काळ्या दगडाची भिंत, दादरच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती, सगळं ह्या तिनांत कोंबायचं. कोणी बांधलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंग्रजान." खरं सांगायचं तर त्यांना ह्यातलं ओ की ठो कळत नाही. गिरगावात एकदा एका नक्षीदार खांबाला कुरवाळत त्यांनी मला उन्हात उभं केलं. "असलो साग आता मेळाचो नाय." आतून दुकानदार आला. "काका, फायबर आहे. दिवाळीत बसवलाय."

काकांनी खांब ठोकला. "म्हणान तर सांगतंय. पोकळ."

लाज नावाचा प्रकार नाही. काचेच्या टॉवरखाली उभं राहून वॉचमनला विचारतात, "हेची खिडकी उघडूक येता काय?" मग आपल्या चाळीचं कौतुक सुरू. ती म्हणे कधी पोकळ वाजली नाही. "काका, ती पडायला आली होती," मी म्हणायचो.

"पडूक इलली. पोकळ नव्हती."

एका रविवारी बेल वाजलीच नाही. सुटलो म्हणून मी गाडी काढायला दुसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये गेलो. माझ्या गाडीच्या पुढे, कठड्याशी, चपलांचा जोड नीट लावून ठेवलेला. आणि गाडीला खेटून परबकाका अनवाणी उभे. माझं डोकंच फिरलं. आता माझी गाडी ठोकणार हा माणूस.

"काका, इथे काय करताय? ओरखडे पडतील."

"आधी चपला काढ. आमच्या घरात उभो असस तू."

त्यांनी छत्री गल्लीपलीकडच्या जुन्या चाळीकडे केली. "तो दुसऱ्या माळ्यावरचो निळो दरवाजो बघ. त्याच्या बरोबर समोर आमची खोली. तुझ्या पुढच्या चाकाखाली उंबरठो. तुझी काकी थय बसान तांदूळ निवडी आणि समोरच्या माईशी गजाली करी."

काकी नव्या घरात आल्याच नाहीत. टॉवर पुरा होण्याआधी, घोडपदेवच्या भाड्याच्या खोलीतच त्या गेल्या. हे मला ठाऊक होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

समोरच्या निळ्या दाराला कुलूप होतं. चाळ रिकामी होत आली होती.

"ती पण पाडतत," काका म्हणाले. "निळो दरवाजो गेलो काय माका आमची खोली खय मेळतली रे?"

त्यांना हसवावं म्हणून म्हणालो, "काका, इथली जमीन ठोकून बघा की."

त्यांनी छत्री काखेत घट्ट धरली. "नको. पोकळ वाजली तर?"

मला फार वाईट वाटलं. एरवी ह्या माणसाची टिंगल करायला मला दुसरा विषय लागत नसे. मी मुकाट्याने चपला काढल्या.

रविवारची पायपीट अजून चालू आहे आणि मी अजून वैतागतो. गाडी मात्र मी आता मागे सरकवून लावतो. तिचा मागचा भाग वाटेत येतो, त्यावरून वॉचमन रोज बडबडतो. उंबरठा मोकळा राहतो.