शेंबडाचंही वजन धरणाऱ्या बाई

वाघमारेबाई लेकराला काट्यावर ठेवण्याआधी त्याचं नाक पुसायच्या. माया म्हणून नव्हे. "शेंबडाला बी वजन असतंय," म्हणायच्या. मग वाळे, ताईत, करदोटा, सगळं उतरवायच्या. करदोट्याला हात लावला की आया खवळायच्या. "दोन मिनिटांत न्हाई लागत नजर," बाई सांगायच्या, "लागली तर माझ्या नावानं ओरडा."

किनवटकडच्या अंगणवाड्यांवर त्या सुपरवायझर, आणि त्यांनी आणलेली वजनं कॉम्प्युटरात भरणारा मी. राज्यभरातल्या लेकरांची खुशाली अशी दर महिन्याला मोजतात. फारच कमी वजनाचं लेकरू लाल यादीत जातं. इतरांच्या लाल याद्या भराभर आटत होत्या, आमची हटत नव्हती.

"बाई, बाकीच्यांकडं एवढी लाल पोरं कशी न्हाईत?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"साहेब, त्यांच्याकडं पोरं न्हाईत का काटे न्हाईत?"

सगळे हसले. साहेब सोडून.

दिवाळीनंतर बाईंनी एका तांड्यावरच्या गीताची नोंद आणली. वय दीड वर्ष, वजन सात किलो शंभर. साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन म्हणाले, "सात पाचशे कर. तेवढ्यानं काय होतंय?" मी केलं. माझी नोकरी कंत्राटी. लगेच पुढचं नाव भरायला घेतलं.

गीता लाल यादीतून उडाली. यादीत नाव नाही, म्हणून उपचार केंद्रात खाट नाही. आई कापूस वेचायला जाणारी, घरी आणखी दोन लेकरं. ती कुठं कुठं फिरणार? बाईंनी माझ्या स्क्रीनवरचा आकडा पाहिला आणि टेबलावर रजेचा अर्ज ठेवून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असेच आकडे बदलत आमची लाल यादी कोरी झाली म्हणून लातूरच्या बैठकीत साहेबांचा सत्कार झाला. टाळ्या मीही वाजवल्या. येताना मात्र नांदेडला उतरलो. बाई तिथल्या एका दवाखान्यात आहेत, असं कळलं होतं.

गीताला मांडीवर घेऊन त्या मऊ भात भरवत होत्या. "हळू बोला. आत्ता कुठं खाऊन राहिली."

तेवढ्यात नर्स आली. "आजी, इथं सही करा."

मी कागद पाहिला. पेशंटशी नातं: आजी. अक्षर बाईंचंच. त्यांना मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात.

"बाई, तुम्ही खोटं लिहिलं?"

"हाव. तुमच्याकडूनच शिकले."

मला वर बघवेना. बाईंनी आणखी एक घास भरवला. मग हळूच विचारलं, "भाऊ, हिला घरी सोडल्यावर ते 'आजी' खोडावं लागतंय का हो?"