कागदी पुत्र व पांचवी पायरी यांची हकीगत

श्रीशारदा प्रसन्न. शके अठराशें बत्तीस, साधारणनाम संवत्सरीं, समुद्रापलीकडील एका राज्यांत जें वर्तलें तें ऐकिलें तैसें लिहितों, चवीपुरतें मीठ आमचें. त्या राज्यीं रूळ टाकावयास चिनी लोक आणिले, आणि रूळ पडले, मग सरकारास शहाणपण सुचलें कीं हे लोक फार जाहले. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरें काय. हुकूम सुटला कीं चिनी मजूर येऊं नये, आहे त्यानें तसबिरीचा दाखला अष्टौप्रहर अंगीं बाळगावा, दुकानदाराचा पुत्र मात्र चौकशी करोन घ्यावा.

तेथें लाऊ सांगफात म्हणोन चहासुंठीचे दुकानदार होते. बारा वर्षें गांवीं जाणें नाहीं, बायको तिकडे एकली, पोटीं संतान नाहीं. तिकडील शेजारचा किनसून बाविशींतला, आईबापांवेगळा, त्यांचेच पत्नीचे हातचें खाऊन वाढलेला. त्यास कागदोपत्रीं पुत्र लिहवोन बोलाविलें, आणि साहेब घरची खडान्‌खडा पुसतील म्हणोन उत्तरांची पोथी लिहोन धाडिली. किनसूनानें ती जहाजावर मुखोद्गत केली आणि बंदर दिसतां समुद्रार्पण केली.

मग बंदरासमोरील बेटावर, येणारांची चौकशी करिती त्या कचेरींत साहेब पुसते जाहले, "घरास पायऱ्या किती?" पोथींत पांच होत्या. परंतु किनसून भाबडा, डोळां पाहिलें तेंच बोलिला, "चार." सांगफातांस बोलावोन वेगळें पुसलें, तों "पांच." जबान्या न जुळल्या तर पोरगा आल्या जहाजें माघारा जाणार. साहेबीं दोघांस समोरासमोर उभें केलें.

"पांच पायऱ्या मीं स्वहस्तें बसविल्या, गाढवा," सांगफात बोलिले.

"बसविल्या असतील. खालची पुरांत गेली, तीन वर्षें जाहलीं. घरीं असतेत तर कळतें," किनसून बोलिला.

"आणि तूं काय माशा मारीत होतास? एक दगड लावितां येईना?"

"लाविला, तोही वाहिला. आईस पुसा कीं. पत्राचें उत्तर तरी धाडितां काय?"

दुभाषा सांगतां सांगतां दमला, आणि साहेब पोट धरोन हसों लागले, म्हणाले, "पुरे. माझे घरीं नित्य हेंच चालतें. हे बापलेकच." आणि शिक्का मारिला.

मग शहराकडील नावेंत बसतां सांगफात हळूच पुसते जाहले, "पायरी खरेंच गेली?"

"गेली. आई पाय उंच टाकोन चढते. तुम्हांस कळवूं नको म्हणाली, जीवास लावोन घ्याल. बाबा, पुढील खेपेस दोघे जाऊन बसवूं."

तेथें साहेब नव्हता, दुभाषा नव्हता, जबानी लिहिणारा कोणी नव्हता. सांगफातांनीं पाण्याकडे तोंड फिरविलें आणि मनसोक्त रडले.

तात्पर्य, सरकारानें खोट्या कागदावर शिक्का केला आणि कागद खरा होवोन बसला. त्या कचेरीचे हातून त्या सालीं पुण्य घडलें तें इतकेंच.